एका पाखराला दोन दगड

माझा भाचा सातवीत आहे आणि त्याचं गणित माझ्यापेक्षा बरं आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी लिहिलेला एक छोटा खेळ तो खेळत बसला होता. पंधरा मिनिटांनी त्याने हाक मारली, "मामा, पाखरं चाळीसच सोडलीस ना तू? मग त्रेचाळीस कशी पडली?"

मी नेहमीचं उत्तर दिलं, "नीट मोज." त्याने कागद दाखवला. कागदावर पाच-पाचच्या आडव्या रेघा होत्या आणि त्या चाळीसच होत्या. पडद्यावरचा आकडा त्रेचाळीस होता. हे तीन जादाचे पक्षी कुठून आले, ते शोधायला मला चार संध्याकाळी लागल्या. त्या चार संध्याकाळींचा हा हिशोब.

खेळ साधाच होता. ज्वारीचं शेत, मधोमध माळा, माळ्यावर राखणदार, त्याच्या हातात गोफण. हुरड्यात आलेल्या कणसांवर थवे उतरतात आणि गोफणगुंडे भिरकावून ते अडवायचे. (खऱ्या राखणीत पाखरं मारत नाहीत, हाकलतात. पण भाच्याला हाकलण्यात रस नव्हता.) भाषा सी, आणि खेळातल्या सगळ्या वस्तूंचा कारभार फ्लेक्स नावाच्या लायब्ररीकडे. आपल्याकडे फ्लेक्स म्हटलं की चौकातला वाढदिवसाचा फलक डोळ्यांपुढे येतो, त्याचा इथे संबंध नाही. ही सँडर मर्टेन्स यांनी सी ९९ मध्ये लिहिलेली मुक्त स्रोत लायब्ररी आहे. एक सी फाइल आणि एक हेडर फाइल प्रकल्पात टाकली की काम सुरू, हे मला तिच्यात सगळ्यात आवडतं. मी चौथी आवृत्ती वापरत होतो, जी २०२४ मध्ये आली. जुने धडे समोर ठेवून लिहिणाऱ्याने एक लक्षात ठेवावं: तिसऱ्या आवृत्तीत सिस्टीममधल्या फील्डचे (तिला मिळणाऱ्या माहितीच्या रकान्यांचे) क्रमांक १ पासून सुरू व्हायचे, चौथीत ते ० पासून होतात. माझी पहिली संध्याकाळ निम्मी यातच गेली, पण तो आजचा विषय नाही.

मांडणी काय होती

ज्यांनी एंटिटी, कॉम्पोनंट, सिस्टीम ही त्रयी वापरलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एंटिटी म्हणजे नुसता क्रमांक. त्याला चिकटवलेली माहिती म्हणजे कॉम्पोनंट: स्थान, वेग, वगैरे. आणि 'ज्यांच्याकडे स्थान आणि वेग दोन्ही आहेत अशा सगळ्यांना पुढे सरकव' असं सांगणारं फंक्शन म्हणजे सिस्टीम. पाखराला स्वतःचं 'उड' हे फंक्शन नसतं. उडवणारी सिस्टीम सगळ्यांची मिळून एकच.

फ्लेक्स ही माहिती कशी ठेवते यावर पुढचं सगळं उभं आहे. कॉम्पोनंटच्या प्रत्येक वेगळ्या जोडणीसाठी तिची एक वेगळी वही असते, तिच्या भाषेत टेबल. स्थान, वेग आणि पाखरू असलेल्या एंटिटींची एक वही. त्यातल्या एखाद्याला 'बुजलेलं' हा टॅग (आत माहिती नसलेला, नुसत्या खुणेचा कॉम्पोनंट) लागला की त्याची ओळ पहिल्या वहीतून खोडून दुसऱ्या वहीत लिहिली जाते. वहीतल्या एका रकान्यात सगळी स्थानं सलग, दुसऱ्यात सगळे वेग सलग. सिस्टीमला हे रकाने साध्या सी ॲरेसारखे मिळतात, जोडीला किती ओळी आहेत तो आकडा, आणि तुम्ही शून्यापासून त्या आकड्यापर्यंत लूप फिरवता. सलग मेमरीमुळे प्रोसेसरचं कॅश खूश, आणि वेग येतो तो यातूनच.

माझ्या चार सिस्टीम होत्या. हलवणारी ऑन अपडेट या टप्प्यात, टक्कर पाहणारी त्यानंतरच्या ऑन व्हॅलिडेटमध्ये, पडणाऱ्या पक्ष्याला खाली आणणारी (ही नंतर आली) पोस्ट अपडेटमध्ये आणि चित्र काढणारी अगदी शेवटी ऑन स्टोअरमध्ये. टप्प्यांचा हा क्रम फ्लेक्सचाच आहे. दर फ्रेमला (पडद्यावरच्या एकेका चित्राला) आपण 'प्रोग्रेस' हे एक फंक्शन बोलावतो आणि ते सगळ्या सिस्टीम ओळीने चालवतं.

टक्करवाली सिस्टीम दगडांवर फिरायची. प्रत्येक दगडासाठी आत पाखरांची वेगळी क्वेरी, म्हणजे 'पाखरू असलेल्या सगळ्या एंटिटी दे' अशी मागणी. अंतर ठरावीक मापापेक्षा कमी भरलं की तीन गोष्टी: पाखरू डिलीट, दगड डिलीट, गुण एकने वाढव. गुणांचा आकडा एका सिंगल्टन (साऱ्या खेळात एकच प्रत असलेल्या) कॉम्पोनंटमध्ये ठेवलेला.

महिनाभर हे बिनतक्रार चाललं, कारण तोवर गोफणीतून एका वेळी एकच गुंडा सुटायचा. मग भाच्याच्याच हट्टाने मी मूठभर खडे एकदम फेकायची सोय केली. जादाचे पक्षी त्यानंतर दिसू लागले.

पहिले दोन उपाय, दोन्ही फसलेले

संशय लगेच आला. दोन खडे एकाच फ्रेममध्ये एकाच पाखराला लागत असणार आणि गुण दोनदा मिळत असणार. छापून पाहिलं तर तसंच होतं. एकाच फ्रेममध्ये एकाच क्रमांकाचं पाखरू दोनदा मेलं होतं.

म्हणून गुण देण्याआधी विचारलं: ही एंटिटी जिवंत आहे का? त्यासाठी फ्लेक्समध्ये तयार फंक्शन आहे. एक ओळ वाढवली, खेळ चालवला, आकडा पुन्हा चाळिसाच्या वर.

मग वाटलं, डिलीटमध्ये काही खास भानगड असेल. डिलीट न करता पाखराला 'मेलेलं' असा टॅग लावू आणि पुढच्या खड्याच्या वेळी तो आहे का ते पाहू. तसं केलं. टॅग लावल्यानंतरच्या लगेचच्या ओळीत तो आहे का असं विचारलं. उत्तर आलं, नाही.

इथे मी खुर्चीवरून उठलो आणि चहा टाकला.

चूक फंक्शनांची नव्हती. सिस्टीम चालू असताना जग बदलतं अशी माझी समजूत होती, ती चूक होती. प्रोग्रेसच्या आत सिस्टीम चालू असताना केलेले ॲड, रिमूव्ह, डिलीट हे हुकूम त्याच क्षणी अमलात येत नाहीत, ते कमांड म्हणून रांगेत जातात. रांग पुढे एका ठरलेल्या ठिकाणी रिकामी केली जाते, आणि त्या ठिकाणाला सिंक पॉइंट म्हणतात. तोवर पाखरू जिवंतच असतं, टॅग लागलेला नसतो आणि दुसऱ्या खड्याला सगळं जसंच्या तसं दिसतं. रांग उघडल्यावर पहिला डिलीट चालतो. दुसऱ्याला आधीच गेलेला क्रमांक मिळतो आणि तो गुपचूप सोडून दिला जातो. ना क्रॅश, ना इशारा. गुण मात्र मी थेट मेमरीत वाढवत होतो, ते दोनदा वाढले.

रांगेची ही पद्धत उगाच नाही. समजा लायब्ररीने डिलीट जागच्या जागी केलं असतं. वहीतली पाचवी ओळ खोडली की भोक पडू नये म्हणून शेवटची ओळ उचलून पाचव्या जागी आणली जाते. माझा लूप पाचव्यावरून सहाव्यावर जातो, म्हणजे हलवलेली ओळ पाहायची राहूनच जाते. वर लूपच्या सुरुवातीला घेतलेली ओळींची संख्या आता एकने जास्त, म्हणून शेवटी वहीबाहेरची मेमरी वाचली जाते. आणि टॅग लावल्यावर ओळ दुसऱ्या वहीत गेली तर आपल्या हातातला स्थानाचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) भलत्याच पाखराचा होऊन बसतो.

हे सगळं कळूनही मी तिसरा उपाय हट्टानेच केला. फ्लेक्समध्ये सिस्टीमला 'इमिजिएट' ठरवता येतं, आणि रांग काही वेळापुरती थांबवून हुकूम थेट चालवता येतात. ज्या वहीवर फिरतोय तिच्यातलीच ओळ तशी खोडायला गेलो, आणि डीबग बिल्डने (चुका पकडणाऱ्या तपासण्या चालू ठेवून बनवलेल्या प्रोग्रामने) वही कुलूपबंद असल्याचं सांगून जागेवर थांबवलं. बरोबरच केलं. ती सोय वेगळ्या कामांसाठी आहे. फिरता फिरता पायाखालची सतरंजी ओढण्यासाठी नाही.

जे चाललं

चौथ्या उपायाचं बीज गुणांच्या आकड्यातच होतं. तो रांगेत गेला नाही, कारण ती रचनेतली उलथापालथ नव्हती. कॉम्पोनंटच्या आतल्या मेमरीत पॉइंटरने थेट केलेलं लिखाण होतं, आणि असं लिखाण पुढच्याच ओळीला दिसतं. तर मग 'लागला' हे पाखराच्या कॉम्पोनंटमधलंच एक बूलियन (खरं किंवा खोटं एवढंच सांगणारी किंमत) करायचं. क्वेरीत पाखरू हा कॉम्पोनंट लिहिण्यासाठी मागायचा. टक्कर झाली की आधी ते बूलियन पाहायचं. खरं असेल तर पुढे जायचं. नसेल तर खरं करायचं, गुण द्यायचा, आणि डिलीटचे हुकूम खुशाल रांगेत टाकायचे. ते उशिरा चालले तरी हरकत नाही, कारण निर्णय आधीच मेमरीत नोंदला गेलेला असतो.

सिस्टीम लिहिताना आता मी मनात दोन रकाने पाडतो: आत्ता दिसणारं आणि नंतर होणारं. कॉम्पोनंटमधली किंमत पहिल्या रकान्यात, कॉम्पोनंट असणं-नसणं दुसऱ्यात. याच फ्रेममध्ये जो प्रश्न पुन्हा विचारला जाणार आहे त्याचं उत्तर पहिल्याच रकान्यात हवं. टॅग ही फ्लेक्समधली फार देखणी चीज आहे आणि नवशिका (म्हणजे मी) प्रत्येक गोष्टीला टॅग करत सुटतो. पण टॅग कायम दुसऱ्या रकान्यातला, शिवाय दर वेळी ओळ एका वहीतून दुसरीत नकलायची मजुरी वेगळी.

चाळीसला चाळीस जुळले. भाचा तोवर घरी गेला होता, म्हणून शाबासकी मिळाली नाही.

दुसरा बग, म्हण खरी करणारा

बूलियन घालताना दगडाकडे लक्ष गेलं. दगडही रांगेतच डिलीट होत होता, म्हणजे एका पाखराला लागल्यावरही आतला लूप पुढे चालूच. जवळजवळ बसलेली दोन पाखरं एकाच गुंड्याने पडत होती. एका दगडात दोन पक्षी, अगदी शब्दशः. हा बग पहिल्या दिवसापासून होता आणि कुणालाच दिसला नव्हता, कारण पाखरं दोन आणि गुण दोन, बेरीज जुळत होती. उलट खेळणाऱ्याला आपला नेम भारी वाटत होता.

टक्कर झाली की लूपमधून बाहेर पडायचं, म्हणून ब्रेक टाकला. थव्यातली जोडपाखरं आता सुटायला लागली, पण सगळी नाही. अधूनमधून एक दगड अजूनही दोघांना लोळवत होता. कोणती दोघं हे कळेना. शेवटी पडणाऱ्या प्रत्येक पाखराला कोणकोणते कॉम्पोनंट आहेत ते छापलं आणि चार ओळींतच सगळं समजलं. दर जोडीतलं एक साधं पाखरू होतं आणि दुसरं बुजलेलं. जवळून दगड गेला की मी त्यांना तो टॅग लावायचो.

म्हणजे ती दोघं वेगवेगळ्या वह्यांत. क्वेरीवर फिरताना लूप दोन असतात: बाहेरचा एकेक वही काढून देतो, आतला त्या वहीच्या ओळींवर चालतो. माझा ब्रेक आतल्या लूपमधून सुटत होता आणि बाहेरचा लूप निवांतपणे पुढची वही आणून हातात देत होता. सगळी पाखरं एकाच वहीत असती तर हे कधीच कळलं नसतं. क्वेरी लिहिताना आपल्याला एकच यादी दिसते, म्हणून असा बग डोळ्यांसमोर असून दिसत नाही.

बाहेरच्या लूपलाही ब्रेक लावला. त्यावर डीबग बिल्डची नवी तक्रार: फिरणं अर्धवट सोडलंय. क्वेरी शेवटपर्यंत फिरली की ती आपलं सामान आपण आवरते. मध्येच सोडली तर 'इटर फिनी' हे फंक्शन बोलावून आवरायला आपणच सांगावं लागतं. ती एक ओळ घातली आणि तक्रार थांबली. आधी मी वेगासाठी तपासण्या बंद करून बिल्ड करत होतो, तेव्हा यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. तो शहाणपणा आता सोडला आहे.

एक फ्रेम उशीर

आता लागलेलं पाखरू लगेच नाहीसं न करता ते गिरक्या घेत पडावं अशी व्यवस्था केली. टक्कर झाली की वेग काढायचा आणि 'पडणं' हा कॉम्पोनंट लावायचा, तो पाहून पुढची सिस्टीम त्याला खाली आणणार. चाललं, पण एकेक फ्रेम थांबवून पाहिलं तर दगड लागलेल्या फ्रेममध्ये पाखरू जागचं ढिम्म हलत नव्हतं. पडायला सुरुवात पुढच्या फ्रेमला. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर हा उशीर १६.७ मिलिसेकंदांचा. कुणाच्या बापाला दिसणार नाही. मला मात्र एकदा दिसल्यावर झोप लागेना.

टप्पा बदलला की रांग आपोआप रिकामी होत असेल, असं मी गृहीत धरलं होतं. तसं नाही. प्रत्येक सिस्टीम काय वाचते आणि काय लिहिते यावरून फ्लेक्स सिंक पॉइंट कुठे हवा ते ठरवते. गरज दिसली नाही तर रांग फ्रेमच्या शेवटी उघडते. माझी सिस्टीम आतून 'पडणं' लावते हे तिला कळायचा मार्गच नव्हता, कारण सिस्टीमच्या सहीत, म्हणजे ती कोणते कॉम्पोनंट मागते त्या यादीत, त्याचा उल्लेख नव्हता. सी फंक्शनच्या पोटात शिरून कोणी वाचत नाही.

सांगायची रीत अशी: सिस्टीमच्या सहीत 'आउट' ही खूण चौकटी कंसात लिहायची, पुढे कॉम्पोनंटचं नाव आणि त्यानंतर रिकामे गोल कंस. रिकाम्या कंसांचा अर्थ, हा कॉम्पोनंट मी ज्यांच्यावर फिरतोय त्यांच्याकडून मागत नाही, पण आतून कुणाला तरी कमांडने लावणार आहे. एवढं लिहिल्यावर फ्लेक्सने टक्कर आणि पडणं या दोन सिस्टीमांच्या मध्ये सिंक पॉइंट टाकला. रांग उघडली की त्यातलं सगळंच चालतं, त्यामुळे दगडही त्याच फ्रेममध्ये नाहीसा झाला, फुकटात. एकाच पाखरावरचे वेग काढण्याचे आणि पडणं लावण्याचे हुकूम लायब्ररी एकत्र बांधून चालवते, म्हणून वही बदलणंही एकदाच घडतं.

ही खूण सगळीकडे शिंपडायचा मोह होतो. तो आवरावा, कारण अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) चालवत असाल तर प्रत्येक सिंक पॉइंटला सगळ्यांनी एकमेकांसाठी थांबायचं असतं.

थ्रेडचाही प्रयोग केला. हलवणारी सिस्टीम चार थ्रेडवर टाकणं सोपं होतं: प्रत्येक थ्रेडला ओळींचा वेगळा तुकडा मिळतो आणि कोणी कोणाच्या ओळीला हात लावत नाही. टक्करवाली तशी टाकली नाही. तिथे दगड वाटले गेले तरी पाखरं सगळ्यांना सामायिक राहतात, आणि दोन थ्रेड एकाच क्षणी तेच बूलियन खोटं वाचून दोघेही गुण देऊ शकतात. मेमरीत थेट लिहिण्याचा जो गुण आत्तापर्यंत कामी आला तोच इथे आड येतो. माझ्या खेळात शे-दोनशे पाखरं, तिथे एक थ्रेड भरपूर झाला. जाता जाता: हुकूम देताना सिस्टीमच्या इटरेटरमध्ये (सिस्टीमला रकाने आणि ओळींचा आकडा ज्यातून मिळतो त्यात) आलेला वर्ल्ड, म्हणजे सगळ्या वह्या सांभाळणारं खेळाचं जग, वापरायचा, ग्लोबल ठेवलेला नाही. अनेक थ्रेड असले की प्रत्येकाची रांग वेगळी असते आणि ती इटरेटरमधल्या वर्ल्डमधूनच मिळते. माझ्याकडे दोन ठिकाणी ग्लोबल होता.

चाचण्या

खिडकी न उघडता चालणाऱ्या तीन चाचण्या लिहिल्या. प्रोग्रेसला वेळ शून्य दिला तर फ्लेक्स स्वतः घड्याळ लावते. मी एकाला साठाने भागून तोच आकडा हाताने देतो, म्हणजे प्रत्येक धाव हुबेहूब तशीच होते. पहिलीत एक पाखरू आणि त्याच जागी सात खडे, सगळे स्थिर. एक फ्रेम चालवायची. गुण १, उरलेले खडे ६. दुसरीत एक साधं पाखरू, एक बुजलेलं आणि दोघांमध्ये एक दगड. गुण १, पडलेलं पाखरू एकच, दगड शून्य. तिसरीत टक्कर झालेल्या फ्रेमच्या शेवटी पाखराची उंची आधीपेक्षा कमी झालेली हवी.

तिन्ही पास झाल्यावर 'आउट'ची खूण मुद्दाम काढून पाहिली. दुसरी आणि तिसरी दोन्ही पास झाल्या. माझ्या पोटात गोळा आला. मग लक्षात आलं की बिल्डच पुन्हा झाला नव्हता. तो केल्यावर तिसरी नापास झाली. खूण परत घातली.

पुढच्या सुट्टीत भाचा आला, कागद घेऊन बसला, चाळीस रेघा मारल्या आणि पडद्यावरचे चाळीस पाहून मान हलवली. मग म्हणाला, "मामा, बुजलेलं पाखरू तिथेच बसून दगडाची वाट बघतं होय?"